मूळ गाव आफ्रिका, ह. मु. धुळे

माझ्या सासऱ्यांइतकी दूरची नाती जपणारा माणूस धुळ्यात दुसरा झाला नाही. त्यांचे जवळात जवळचे नातेवाईक लाखभर वर्षांपूर्वी वारले होते आणि त्यांच्याबद्दल ते रोज बोलत. हायस्कूलमध्ये जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. थंडीत कुणाच्या अंगावर काटा आला की खूश होत: "अंगावरची लव झडली, फुलवायची सवय राहिली!" पंगतीत समोरच्यांचे जबडे न्याहाळत. अक्कलदाढ ठणकते म्हणणाऱ्याला "जबडा लहान झाला, दाढेला कुणी कळवलंच नाही," असं समजावून वर लवंग देत. आणि कुणी गुडघे धरून बसला की ठरलेलं वाक्य: "आफ्रिकेतून चालत आलोय आपण. पाय दुखणारच."

लोक हे सगळं हसून खपवून घेत. बिनसलं ते समाजाच्या वधू-वर पुस्तिकेवरून. मुलीच्या फॉर्ममध्ये 'मूळ गाव' या रकान्यात त्यांनी ठसठशीत लिहिलं: 'आफ्रिका, ह. मु. धुळे.' पुस्तिकेचं काम बघणारे आबा त्यांचे बालमित्र. ते फॉर्म घेऊन तडक घरी आले.

"हाई काय लिखेल शे, सर? आपलं गाव तापीकाठे शे!"

"तठे तं आपण परवा चालत उनूत, आबा."

"अशानं पोरीनं लगीन कसं व्हई? लोके हसतीन!"

"हसू द्या. बठ्ठा लोके एकच आफ्रिकी मायना पोरं शेतस. तुमना पुस्तकमा एक ओळ तरी खरी राहू द्या."

सासूबाई रडू लागल्या. मुलगी मात्र वडिलांशेजारी जाऊन उभी राहिली. "हे वाचून ज्याला राग येईल, तो मला नकोच," म्हणाली.

आबा उठले. "छापी टाकतस. एक बी स्थळ येणार नई."

एक आलं. ते मी. फैजपूरला आईने माझ्यापुढे टाकलेल्या पुस्तिकेत ती ओळ वाचून मी एकटाच मोठ्यांदा हसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कुणाला तरी फोन केला. पलीकडून थेट प्रश्न: "तुमचं मूळ गाव?"

"तुमचंच," मी बुजत म्हणालो.

 मग, "रविवारी जेवायला या. जबडा बघायचाय."

या उन्हाळ्यात ते गेले. सुतक फिटण्याच्या दिवसाच्या, गंधमुक्तीच्या पत्रिकेचा मजकूर लिहायला मी बसलो, तेव्हा भाऊबंदांचं म्हणणं एकच होतं: आता तरी नीट गाव घाला, गेलेल्या माणसाचं हसं नको. मी जन्मात कुणाशी भांडलेलो नाही. त्या दिवशीही भांडलो नाही. फक्त कागद घेऊन प्रेसमध्ये गेलो आणि त्यांची ओळ त्यांच्याच शब्दांत शेवटच्या पत्रिकेवर उमटेपर्यंत तिथून हललो नाही.

गंधमुक्तीला आबा आले, हातात पत्रिका. आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. ते फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले, मग खुर्चीत बसून गुडघे चोळू लागले.

"जवाईबापू," पत्रिकेतल्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "तठेन चालतच उनूत ना आपण?"

"हो आबा. चालतच."

"म्हनूनच मना पाय इतला दुखतस," आबा म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.