अंड्यातले राखणदार

सासूबाई लग्न होऊन सव गावाहून पोलादपूरला आल्या तेव्हा लाल भाताचं बियाणं सोबत घेऊन आल्या. आज त्यांच्या माहेरीही ते कुणाकडे उरलेलं नाही. गेल्या वर्षी खोडकिडा पडला आणि लोंब्या पांढऱ्याफटक, आत दाणाच नाही. शेताच्या जेमतेम एका तुकड्यापुरतं बियाणं हाती लागलं. यंदाही किडा पडला असता तर तो भात कायमचा संपला असता.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात माझं ऐकून घेतात, ऐकतात असं नाही. खोडकिड्यावर उपाय म्हणून कृषी सहायकाकडून मी ट्रायकोकार्ड आणलं. पुठ्ठ्यावर पतंगाची बारीक अंडी चिकटवलेली आणि प्रत्येक अंड्यात परक्याचं पोर. हे पोर म्हणजे एक गांधीलमाशी, पण पूर्णविरामावर बसली तरी जागा उरेल एवढी. आई पतंगाचं अंडं टोचून आत आपलं अंडं घालते. पिल्लू आतलं सगळं खाऊन तिथंच वाढतं आणि पंख घेऊनच बाहेर पडतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसा हा प्रकार. भाताला मात्र ती तोंडही लावत नाही आणि माणसाला चावत नाही. मला ती पहिल्यापासून आवडली.

पावसात पिशवी भिजली आणि कार्ड दमट झालं. मी ते ओट्यावर ठेवून शाळेत गेले. आमच्याकडे पावसाळ्यात दमट झालेली प्रत्येक वस्तू चुलीवर टांगली जाते. काडेपेटी, सुकट, मोजे, एकदा तर मी तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकाही. सासूबाईंनी मायेनं कार्डही टांगलं. संध्याकाळी त्याला सुकटीचा वास येत होता आणि आतल्या माश्या केव्हाच भाजून निघाल्या होत्या. माझा राग नाकावरच असतो, मी भांडी जरा जोरातच आपटली. काय झालं ते सांगितल्यावर सासूबाई चुलीकडे बघत राहिल्या.

"म्हंजी पोरं व्हती ती?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसरं कार्ड त्यांनी स्वतः पाण्याच्या हंड्याशेजारी गारव्याला ठेवलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. माश्या निघायच्या बेताला आल्यावर आम्ही दोघींनी त्याचे तुकडे भाताच्या पानांखाली टाचले.

पण शेतावर खोडकिड्याचे पतंग उडतच होते. आमचे हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कामाला आहेत, त्यांचा बायकोपेक्षा बाटलीवर जास्त विश्वास. पाळी संपवून आले ते दुकानातून औषध घेऊनच, आणि पंप पाठीवर बांधून बांधावर उभे राहिले. मी शाळेतलं भिंग घेऊन मागे धावले. पानाच्या टोकाला पतंगाच्या अंड्यांचा पुंजका होता. पतंगाची मादी अंड्यांवर आपली लव पसरून ती झाकून ठेवते. त्या लवेतून एक ठिपका वाट काढत होता. अंड्यावर चढे, मिशांनी ठोकून बघे, पुढे जाई. सासूबाई फणस पिकलाय का ते ठोकून बघतात, अगदी तसं. काही अंडी काळी पडलेली होती. एवढासा जीव आणि कामाला किती पक्का! माझे डोळे भरून आले.

मी भिंग सासूबाईंच्या हातात दिलं. काळ्या अंड्यात आता अळी नाही, आपली माशी आहे, आणि औषधानं पतंगाबरोबर तीही मरेल, हे समजावलं. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. चुकलं तर बियाणं जाणार होतं, आणि ते त्यांचं होतं, माझं नव्हे. मग त्यांनी मुलाच्या पंपाची नळी हातात धरली.

"नको मारू रे. आत आपली मानसं हायत."

ह्यांनी पंप उतरवला, पण रोज कामावर जाताना शेताकडे बघून सुस्कारा टाकायचे. सासूबाईंचं जेवणात लक्ष नसायचं. लोंब्या आल्या तेव्हा काही पांढऱ्या निघाल्याच. बाकीच्या मात्र दाण्यांनी वाकल्या.

त्या तुकड्यावरचा भात त्यांनी वेगळा झोडला. बियाणं बांधायच्या दिवशी मला हाक मारून समोर बसवलं. आजवर त्याला मला हात लावू दिला नव्हता. त्यांच्या माहेरी ते आई लेकीला द्यायची आणि त्यांना लेक नाही. त्यांनी माझा पदर पसरला आणि बियाणं ओंजळीनं त्यात घातलं.

"आता ह्ये तू सांभाळ गो," त्या म्हणाल्या. मला हुंदका आवरला नाही.