मागच्या सांध्यावरचं कुंकू

विकणारा माणूस फार गोड बोलायला लागला की मी खिशातला हात बाहेर काढत नाही. त्या म्हाताऱ्यानं आल्याआल्या कॉफी पुढं केली, वर सफरचंदाचा केक. आमच्या मंडळींनी, म्हणजे हिनं, दोन्ही घेतलं. मी उभाच राहिलो.

मिशिगनमधल्या एका खेड्यात आम्ही जुना कॅम्पर बघायला गेलो होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. हा फिफ्थ व्हील जातीचा, म्हणजे ज्याची मान पिकअपच्या हौद्यात टेकते तो. लेकानं आम्हाला अमेरिकेत आणलं, पण बसून खायची मला सवय नाही. इथल्या मराठी मंडळांचे गणपती, लग्नं, मुंजी, जिथं मोठी पंगत तिथं आम्ही दोघं स्वयंपाकाला जायचो. पिकअपमागं आमचा ट्रेलर, त्यात शेगड्या, पातेली, पराती.

अडचण होती झोपायची. यजमान बेसमेंटमध्ये गाद्या घालायचे. माणसं चांगली, पण सकाळी अंघोळीला टॉवेल घेऊन दुसऱ्याच्या दाराशी उभं राहायचं, हे हिच्या जिवावर यायचं. एकदा परतीच्या वाटेवर म्हणाली, "आता मला निजायला माझं दार असेल तरच येईन. नाहीतर जा एकटे, करा पुरणपोळ्या." पुरण मला जमतं. पोळी फाटते. म्हणजे धंदा बंदच.

आमच्या मिशिगन राज्यात पिकअपमागची पहिली गाडी फिफ्थ व्हील असली तर तिच्यामागं दुसरा ट्रेलर जोडलेला चालायचा. लेक म्हणाला, "बाबा, इट्स नॉट सेफ."

"तू जन्मायच्या आधी मी ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्यावर नेल्यात. मला शिकवू नकोस."

चौथीपर्यंत शाळा झाली माझी, पण एवढं कळतं की मागची ट्रॉली हिसके देते ते पुढचीच्या शेपटीला. तुटलंच तर तिथं तुटणार.

म्हातारा म्हणाला, बायको गेली, आता एकटा कुठं फिरू? वाईट वाटलं. पण आमच्याकडं म्हैस विकणाऱ्याच्या घरात नेहमी अडचण असते, म्हशीत कधीच नसते. मी बघायला लागलो. चारही टायर नवे. विकायच्या गाडीला कोण नवे टायर घालतो? आत लिंबाचा वास मारलेला. तो कशावर? छताचे कोपरे चाचपले, कोरडे. उन्हाळ्यात विकायला काढलाय, कोरडे असणारच. हिनं तेवढ्यात ओट्याची कपाटं उघडून बघितली, बाथरूमची कडी लावून बघितली, काढून बघितली, परत लावली.

मी मागं जाऊन गाडीखाली शिरलो. मागच्या लोखंडी सांगाड्याला ताजा काळा रंग! किल्ली काढून डावी बाजू खरवडली.

"इट्स जस्ट पेंट," वरून आवाज आला.

"मग खरवडल्यानं काय बिघडतं रे तुझं?" मी मराठीतच म्हणालो.

डावीकडं लोखंड स्वच्छ निघालं. उजवीकडं म्हाताऱ्याचे बूट उभे होते. ते काही हलेनात.

बाहेर येऊन सांगितलं, जोडून बघणार. बैल कुणी नुसता बघून घेत नाही, जुंपून घेतो. तो लगेच हो म्हणाला. लगेच हो म्हणाला म्हणून मी आणखीच सावध झालो. कॅम्परची मान हौद्यात बसवली, मागं आमचा भांड्यांचा ट्रेलर अडकवला. मी पुढं खिट्ट्या घालत होतो तेवढ्यात हिनं पर्समधली कुयरी काढली आणि मागच्या सांध्याला हळद-कुंकू लावलं, डाव्या अंगाला नि उजव्यालाही. दसऱ्याला आमच्या ट्रॅक्टरच्या हुकाला लावायची तसं. एकदा कुंकू लागलं की ती वस्तू घरची झाली, परत करायची नसते. मला न विचारता लावलं, म्हणजे जाणूनबुजून लावलं.

म्हातारा चक्कर मारून मागं आला, ते लाल-पिवळे ठिपके बघितले आणि त्याचं तोंडच उतरलं. इथले मेकॅनिक बिघडलेल्या जागी रंगीत खडूनं खूण करतात. त्याला वाटलं, सापडलं यांना.

"यू फाउंड इट," म्हणाला आणि बोलतच सुटला. मागं होडी जोडून न्यायचा, उजवी पट्टी तडकली, घरीच वेल्डिंगचा डाग मारला, वर रंग दिला.

"अहो, हा का रडकुंडीला आला?" हिनं विचारलं.

"तुझं कुंकू बघून."

त्याला मी काही सांगितलं नाही. सगळं आधीच ठाऊक असल्यासारखी मान हलवली. मग हिला म्हटलं, "चल, निघायचं."

तोवर ती कॅम्परच्या पायरीशी चपला काढून आत जाऊन बसली होती. "कुंकू लावलंय मी."

"कुंकवानं वेल्डिंग धरत नाही."

"मग धरायला लावा. तुम्ही कशाला आहात?"

मी वळून म्हाताऱ्याला सांगितलं, दोन्ही बाजूंना नवं लोखंडी चॅनल घालायचं, माझ्या डोळ्यांदेखत, तर घेतो. तोही बिचारा तयार झाला. गावातल्या वेल्डरकडं गाडी नेली आणि काम संपेपर्यंत मी तिथून हललो नाही. शेवटी वेल्डर रंगाचा डबा घेऊन आला, तो मी परत पाठवला. गंज परवडला, रंग नको.

पुढच्या गणपतीला मंडळाच्या हॉलमागं दोन्ही गाड्या लावल्या. यजमानीणबाई लगबगीनं आल्या. "काकू, चला ना घरी, बेसमेंटमध्ये सगळी सोय केलीय."

ही आपल्या दारात उभी. "नको गं बाई, तूच ये आत. चपला तेवढ्या बाहेर काढ."

"आणि काका कुठं आहेत?"

"ते होय? मागं, गाडीखाली. डोळे फाडून सांधा बघतायत."