आतोबा आणि दोन देशांचे दाखले

आमच्या आतोबांइतका कागदाचा जाणकार आणि माणसांच्या बाबतीत ठार अडाणी गृहस्थ अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. हातकणंगल्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी तेहतीस वर्षं कारकुनी केली आणि त्यातली निदान तीस वर्षं लोकांचे अर्ज परत करण्यात सत्कारणी लावली. सही रेघेच्या खाली गेली आहे, फोटोत डावा कान दिसत नाही, शाई निळी हवी होती ती काळी आहे. एकही अर्ज त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे सरकला नाही, याचा त्यांना इतका अभिमान होता की निरोपसमारंभाच्या भाषणातही त्यांनी तेवढंच सांगितलं आणि खाली बसले. आत्या तर सांगायची, स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी ‘तालुका लिहिलेला नाही’ म्हणून सासऱ्यांकडे परत पाठवली होती आणि सासऱ्यांनी ती मुकाट्याने पुन्हा छापून आणली होती.

आत्या गेली आणि आतोबा उचगावच्या घरात एकटे राहिले. एकटे म्हणजे शांत नव्हे. फाटकाशी खुर्ची टाकून ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बोलत. समोरच्याने काही बोलावं अशी त्यांची अपेक्षा नसे, त्याने नुसतं उभं राहावं एवढंच. पोस्टमन त्यांच्या गल्लीत सायकलवरून उतरायचंच टाळायचा. पत्र फाटकाच्या आत भिरकावून तो वेग वाढवी, आणि आतोबा मागून ओरडत, “आरं, पिनकोडातला शेवटचा आकडा चुकलाय की!”

या घरात दोन वर्षांपूर्वी त्यांची नात जुई राहायला आली. आतोबांचा मुलगा केनियातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. जुई तिथेच वाढली. कारखान्याच्या वसाहतीतली शाळा दहावीपर्यंतच होती, म्हणून अकरावी-बारावीला तिला आजोबांकडे धाडलं. आली तेव्हा ती पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलायची. वर्षभरात कोल्हापूरच्या बायाबापड्यांसारखी “मी जातो, मी येतो” म्हणायला लागली. एकदा फोनवर तिने बापाला “पप्पा, मी जेवलो” असं सांगितलं तेव्हा तो केमिस्ट तिकडे गडबडला आणि त्याने मला फोन करून सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

बारावीत गेल्यावर जुईने जाहीर केलं की तिला अशा कॉलेजांत अर्ज करायचे आहेत जिथे मोजक्याच मुलांना घेतात. एक-दोन आपल्याकडची, बाकीची परदेशातली. तिथे नुसते मार्क चालत नाहीत. निबंध लागतो, शिक्षकांची पत्रं लागतात, वर मुलाखत.

“मार्कावर घेत न्हाईत?” आतोबा म्हणाले. “मग काय तोंड बगून घेत्यात?”

पण पाच कॉलेजं, प्रत्येकाचा वेगळा अर्ज आणि प्रत्येक अर्जाला सोळा-सतरा जोडपत्रं, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर मी आत्या गेल्यापासून न पाहिलेलं तेज आलं. मी कोल्हापुरात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे मला बोलावणं आलं. “मास्तर, ये. फारम आलंय,” ते फोनवर म्हणाले. शत्रूची फौज पंचगंगेपलीकडे येऊन थांबली आहे, असा आवाज होता.

पहिली लढाई प्रगतिपुस्तकावर झाली. केनियाच्या शाळेने जुईला तिथल्या स्वाहिली भाषेत ‘ए मायनस’ दिला होता. “मायनस म्हंजे काय? पोरगी शून्याच्या खाली गेली व्हय?” मी समजावलं की हा उत्तमच शेरा आहे. “उत्तम हाय तर वजाबाकी कशाला केलीया?” मी प्रगतिपुस्तकाचं पान उलटलं.

खरी गोची नावाची निघाली. केनियाच्या दाखल्यावर ती नुसती ‘जुई पाटील’ होती. इथल्या कागदांवर ‘पाटील जुई संभाजी’. परदेशातल्या एका कॉलेजने कळवलं, की या दोन विद्यार्थिनी एकच आहेत असं दोन्ही शाळांनी लिहून द्यावं. आम्ही तिघं जुईच्या इथल्या कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीत तिशीतल्या एक बाई होत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि मान हलवली.

“आजोबा, ही दोन वेगळी नावं आहेत.”

आतोबांनी जुईला दंडाला धरून खिडकीसमोर उभं केलं. “ही बगा. मोजा. एक हाय का दोन?”

“माणूस एकच असंल ओ,” बाई म्हणाल्या, “पण कागदावर दोन हैत. तिकडच्या शाळेचं पत्र आणा, मग मी देतो.”

आतोबांनी दोन्ही कागद उचलून पिशवीत घातले. परतीच्या रिक्षात म्हणाले, “मास्तर, त्ये वाक्य माजं हाय. जसंच्या तसं. आयकायला लै वंगाळ लागतंय की रं.” आणि थोडं पुढे गेल्यावर, “पन बाई कामाला चोख हाय.”

केनियाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन मीच करणार होतो, पण आतोबांनी तो हातातून काढून घेतला. “मॅडम! जुई ग्रँडफादर! उचगाव!” एवढं इंग्रजी झाल्यावर ते मराठीवर आले. पलीकडून बाई बहुधा स्वाहिलीवर आल्या. पंधरा मिनिटं दोघं मनापासून बोलले, मधूनमधून हसले, आणि चौथ्या दिवशी ईमेलने पत्र हजर झालं. एकच विद्यार्थिनी, दोन शिक्के, तेही गोल. आतोबांनी ते पत्र गल्लीत चार घरी नेऊन दाखवलं, आणि ते बघून खिडकीतल्या बाईंनीही आपलं पत्र दिलं.

आता राहिला निबंध. जुईच्या बापाने पुण्यातला एक सल्लागार गाठून दिला होता. त्याने व्हिडिओवर जुईला सांगितलं, की आयुष्यातलं मोठं संकट लिही, त्यांना संकटं आवडतात. मागे उभे असलेले आतोबा कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाले, “पावणं, आमच्या पोरीला काय संकट न्हाय. सकाळी दोन अंडी खाती.” सल्लागार पुन्हा दिसला नाही.

जुईने निबंध स्वतःच लिहिला. विषय होता, तुम्हाला घरच्यासारखं वाटतं अशा जागेबद्दल लिहा. जोडपत्र तपासल्याशिवाय जाणार नाही हा आतोबांचा नियम, त्यामुळे एका रविवारी सकाळी मी तो त्यांना ओळीओळीने मराठीत सांगायला बसलो. जुई दारात उभी होती. सुरुवात छान होती. केनियात लोक विचारत, तुम्ही भारतात परत कधी जाणार. इथे विचारतात, आफ्रिकेतून कधी आलीस. आतोबा मान डोलवत होते. मग मी पुढचा परिच्छेद मनात वाचला आणि घसा खाकरून म्हणालो, “इथे आल्यावर पहिले काही दिवस जरा जड गेले.”

“मास्तर,” आतोबा कागदावर वाकले, “इंग्रजीत सात वळी हैत. मराठीत एकच? बाकीच्या कुटं गेल्या?”

मी जुईकडे पाहिलं. ती आत आली. “आबा, मी सांगतो,” म्हणाली आणि तिने सांगितलं. पहिले सहा महिने तिला बोलायला कुणीच नव्हतं. आजोबा दिवसभर बोलत, पण तिला कधी काही विचारत नसत. दाखला फाइलीत लावलास का, एवढंच विचारत. ती संध्याकाळी गच्चीवर जाऊन स्वतःशीच स्वाहिलीत बोलायची, भाषा विसरू नये म्हणून, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून.

आतोबांनी चष्मा काढला. मला अवघडल्यासारखं झालं. मी म्हणालो, हा भाग काढता येईल, निबंधाचं काही बिघडणार नाही.

“काडायचं न्हाय,” आतोबा म्हणाले. “अर्जात खोटी माहिती दिली तर अर्ज बाद व्हतो.” मग त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि नातीकडे न बघता म्हणाले, “काय काय इचारायचं ऱ्हायलंय, त्ये सांग. लिवून घेतो.”

जुईला हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं. ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. “तिकडच्या मैत्रिणीचं इचारा आदी,” म्हणाली. त्यांनी ‘१. मैत्रीण’ असं लिहिलं. मी निबंध तिथेच ठेवून घरी आलो.

चार कॉलेजांनी नकार कळवला. आतोबांनी ती पत्रं माझ्याकडून समजून घेतली आणि त्यांना मनापासून दाद दिली. “आभार मानत्यात, शुभेच्छा देत्यात, आन् कारन सांगतच न्हाईत. नकार द्यावा तर असा! आमाला हे सुचलं न्हाय.” पाचव्याने, हॉलंडमधल्या एका लहान कॉलेजाने, तिला घेतलं. ऑगस्टमध्ये ती गेली. मुंबईपर्यंत आपण येणार नाही, असं आतोबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ते गाडीत सगळ्यात आधी जाऊन बसले होते.

आता ती रविवारी दुपारी फोन करते. परवा मी तिथेच होतो. कुणाशी बोललीस, काय बोललीस, ती तुज्या खोलीतली रोमानियाची पोरगी बरी झाली का, एवढं विचारून आतोबा फोन कानाला लावून बसले होते. अर्धा-पाऊण तास तीच बोलत होती. हे मधूनमधून नुसतं “व्हय?” म्हणत. बोलणं संपल्यावर फोन त्यांनी मांडीवर ठेवला.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुजी आत्या चाळीस वर्सं ह्या घरात हुती. तिला मी कवा काय इचारलंच न्हाय बग.”

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि दोन कपांचं आधण ठेवलं. मी जन्मभर त्यांच्याकडे चहा पीत आलो आहे. तो कसा हवा, हे आजवर मला कुणी विचारलेलं नव्हतं.

“साकर किती टाकू?” आतून आवाज आला.

मी दारापर्यंत गेलो. साखरेच्या डब्याचं झाकण उघडून, चमचा हातात धरून, ते उत्तराची वाट बघत उभे होते.