चार नंबरच्या बोअरचा नैवेद्य

इका नावाच्या वाळवंटात पाऊस पडत नाही. तरी तिथून रोज विमानं भरभरून शतावरीचे कोंब भाजीसाठी युरोपात जातात, आणि त्यातले बरेचसे सातुर्निना वार्काया हिच्या हातचे. एकोणीस वर्षं ती पहाटे वाकायची ती दुपारीच सरळ व्हायची. पांढरा कोंब उन्हाला दिसायच्या आत मातीतच कापावा लागतो. ऊन लागलं की तो जांभळा पडतो, आणि जांभळा कोंब तिकडच्या लोकांना चालत नाही. नखरे मेल्यांचे!

यंदा चार नंबरची बोअर वाळू ओकायला लागली. इंजिनिअर लोआयसांनी ती तीनदा खोल नेली. ती आटली तर तिच्यावरचं ठिबक बंद, आणि सातुर्निनासकट चाळीस बायका घरी.

सातुर्निनाला रोग कळला. तिच्या डोंगरातल्या गावात पाट सोडायच्या आधी पाण्याला काही दिल्याशिवाय कुणी थेंब घेत नाही.

"एकोणीस वर्षं नुसतं ओढतायत," ती शेजारच्या सरीतल्या अलेहाला म्हणाली. "दिलं कधी काही?"

"तू गुमान कोंब काप गं बाई," अलेहा म्हणाली.

रविवारी सातुर्निनानं बोअरपाशी कोकाची पानं ठेवली, लामा या डोंगरी जनावराची चरबी ठेवली, मक्याची दारू ओतली आणि पाण्याची माफी मागितली. सोमवारी निर्यातीच्या दाखल्याची तपासणी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोंब कापणाऱ्या बाईला कोण सांगतंय?

तपासनीस बाई फार सभ्य होती. "पाण्यात काय काय घालता?" तिनं विचारलं. लोआयसांनी क्लोरीन, ॲसिड, नायट्रेट, सगळं तारखांसकट वाचून दाखवलं. तिनं समाधानानं खुणा केल्या. मग तिला चरबी दिसली.

"आणि हे?"

फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

"कुणी केलं हे?" लोआयसा ओरडले. बाकीच्या बायका वाकून कोंब कापतच राहिल्या. सातुर्निना सरळ झाली. त्याला जरा वेळ लागला.

"मी केलं, साहेब. पानं हलवू नका, अजून ती पाण्याला पोचायचीयत."

दाखला रद्द व्हायचा वाचला. कागदावर लिहिलं गेलं: बाह्य पदार्थ आढळला, हटवला. चरबी दुपारी हटवली, सातुर्निनाला संध्याकाळी.

बाराव्या दिवशी लोआयसा तिच्या दारात उभे. पंप आता नुसती हवा फेकत होता.

"बाई, उद्यापासून कामावर या," ते हळूच म्हणाले. "फक्त ते तुमचं... पुन्हा एकदा करा. कुंपणाबाहेरनं. मी काही बघितलं नाही."

दोन मळ्यांनी वय विचारून तिला परत पाठवलं होतं. काम तिला हवं होतं, फार हवं होतं.

"मी दिलं तर खोटं होईल, साहेब," ती म्हणाली. "त्या पाण्यावर ज्याचं पोट भरतं त्यानंच द्यायचं असतं. माझ्या पोटात बारा दिवस त्यातलं काही गेलं नाही."

"मग कोण देणार?"

"सकाळी जेवलात ना?"

"म्हणायचं काय असतं?"

"आधी माफी मागायची."

"कशाची?"

"हे तुम्हाला माझ्याकडनं समजून घ्यावं लागतंय तर राहू द्या," असं म्हणून तिनं दार ओढून घेतलं, आणि मग ती त्या गेलेल्या कामासाठी धाय मोकलून रडली. चटयांच्या भिंती, लोआयसांना बाहेर सगळं ऐकू आलं.