पोस्ट घालवणारा माझा भाऊ

दादा गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. सकाळी डाळ शिजत ठेवून मोबाईल हातात घेतला, तर गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. माहेरवाशिणींनाही त्या ग्रुपमध्ये घेतलेलं आहे, म्हणून मी त्यात. वाटलं, असेल कुणी म्हातारं माणूस. एकेक निरोप मागे सारत गेले आणि अगदी पहिला दिसला… 'आपल्या गावचे मेंबर शांतारामभाऊ आज सकाळी राहत्या घरी वारले.' सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी मला दिवा-डोंबिवलीतल्या माणसांच्या नंतर कळली. त्याचा मुलगा सतीश पुढे म्हणाला, "आत्या, मी तुलाच फोन लावत होतो गं, लागतच नव्हता." खरंच असेल. पण मी बराच वेळ ते हात बघत राहिले. त्यातले कितीतरी हात याच ग्रुपवर दोनेक वर्षांपूर्वी दादाचा तो व्हिडिओ इकडून तिकडे पाठवत होते. तेव्हा जोडलेले नव्हते.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या वरच्या अंगाला. आमची वरची वाडी आणि पलीकडे खालची वाडी, मध्ये ओढा, ओढ्याच्या काठी ग्रामदेवीचं देऊळ. भात आणि नाचणी पिकते ती खायला पुरते, बाकीचं घर मुंबईच्या पगारावर चालतं. दादाही तरुणपणी मुंबईला जाऊन आला. एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होता. वर्ष-दीड वर्षात परत आला. आईने कारण विचारलं तर म्हणाला, "तिथं कोन कोनाच्या दारात बसत नाय." आई कपाळाला हात लावून बसली. एवढ्यासाठी कुणी नोकरी सोडतं का? पण दादा तसाच होता. त्याला माणसं लागत. पुढे तो एकदाच, फक्त एकदाच, पंचायत समितीवर निवडून आला आणि जन्मभराचा 'मेंबर' झाला. आमच्याकडे पद जातं, हाक राहते.

त्या काळात त्याने गावाला पोस्ट आणलं. त्यासाठी अलिबागला किती खेपा घातल्या ते त्यालाच ठाऊक. देवळाशेजारची खोली मिळवली, गावातल्याच एका शिकलेल्या माणसाला पोस्टमास्तर म्हणून नेमून घेतलं. खोली मुद्दाम देवळाजवळची, म्हणजे दोन्ही वाड्यांना सारखीच लांब. तेव्हा वरपर्यंत गाडी येत नव्हती. लोखंडाची ती लाल पेटी दादाने आणि त्याच्या जिवाच्या मित्राने, खालच्या वाडीतल्या रघूदादाने, बांबूला बांधून खांद्यावरून चढवत आणली. मी माहेरी आलेली होते. पोरंसोरं मागे, बाया दारात… नवरीची डोली यावी तशी पेटी आली. रघूदादा घामाने निथळत म्हणाला, "मेंबर, ह्याच्यापरीस बैल चढवला आसता तर बरा!" आणि दोघे हसत हसत देवळाच्या पायरीवर आडवे झाले. माझ्या डोळ्यांपुढे दादा येतो तो बहुतेक वेळा तिथलाच, त्या पायरीवरचा.

लग्न होऊन मी महाडला आले होते. हे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पाळीवर जायचे, मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. महाडात पाणी भरणं नवं नाही, पण एका वर्षी ते आमच्या माळ्यापर्यंत गेलं. पाणी ओसरल्यावर रस्ता अजून धड सुरूही नव्हता, तर दादा येऊन दारात उभा. पोलादपूरपासून काही चालत, काही कुणाच्या ट्रकवर बसून आला होता. त्याची कंबर कायमची दुखरी, फावडं काही त्याला चालवता येईना. मग त्याने गल्लीच्या तोंडाशी एक पिंप पालथं घातलं आणि त्यावर बसला. चिखल उपसून थकलेला जो कोण बाहेर येईल त्याच्याशी बोलायचा. कुणाचं दुकान गेलं, कुणाची गाय गेली, सगळं ऐकून घ्यायचा. मला तेव्हा राग आला होता. एवढं मोठं संकट आणि हा गप्पा मारतोय! पण आमच्या गल्लीतले लोक अजून विचारतात, "बाई, तुमचे ते भाऊ कसे आहेत?" आता विचारलं की काय सांगायचं, ते मला अजून नीट जमत नाही.

वहिनी गेल्या, सतीशने दिव्याला खोली घेतली. दादा गावात एकटा राहिला, पण एकटा असा नव्हता. त्याच्या ओटीवर सकाळपासून माणसं असत. कुणाला दाखल्यावर सही हवी, कुणाला बांधाचं भांडण मिटवून हवं, कुणाला नुसतंच बसायचं असे. पोस्टात पासबुक भरायला आलेल्या बायकासुद्धा येताजाता, "मेंबर, काय करताव?" म्हणून टेकायच्या.

मग पोस्टमास्तर निवृत्त झाले. नवीन कुणी आलं नाही. खोलीचं छप्पर गळायला लागलं. आणि एक दिवस जीप आली, खात्याची माणसं उतरली, वजनकाटा, शिक्के, पेटी, सगळं गाडीत घालून घेऊन गेली. आता आपलं पोस्ट खालच्या मोठ्या गावातल्या पोस्टाला जोडलंय असं कळलं. निर्णय वरून आला होता. वर म्हणजे कुठे, ते कुणालाच सांगता येईना. म्हाताऱ्या माणसांना पेन्शनसाठी तो सगळा उतार उतरून जावं लागलं, आणि उतरण्यापेक्षा चढणं जिवावर यायचं.

गावाला कारण पुरत नाही, माणूस लागतो. वरच्या वाडीचे म्हणू लागले, सरपंच खालच्या वाडीचा, त्याने छपराला पत्रे दिले नाहीत म्हणून पोस्ट गेलं. खालची वाडी म्हणाली, वरच्या वाडीच्या पुढाऱ्याने आपल्या रस्त्याच्या बदल्यात पोस्ट खालच्या गावाला देऊन टाकलं. दोघांचे पक्ष वेगळे, दोघांची मुंबईतली माणसं वेगळी. मंडळाची बैठक झाली तिथे खुर्च्या उचलल्या गेल्या म्हणे. इकडे शिमगा तोंडावर आलेला. आणि खालच्या वाडीने बोलून दाखवलं, की यंदा देवीची पालखी ओढा ओलांडून वर जाणार नाही. आमच्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. पालखी दारात आली नाही तर ते वर्ष कसलं?

देवळापुढे सभा बसली. मी तिथे नव्हते, पण तो व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिलाय की असल्यासारखीच आहे. दादा समजुतीचं बोलायला उठला. त्याला कुणी बोलू देईना. एक जण ओरडतो, "तुमी सांगा मेंबर, कोनी घालवला पोस्ट?" दुसरा ओरडतो, "ते काय सांगतील, ते तुमचेच!" दादा हात वर करून थोडा वेळ तसाच उभा राहतो. त्याचा चेहरा मला ओळखीचा आहे. वहिनींच्या आजारपणात शेवटी शेवटी असाच दिसायचा. आणि मग तो एकदम ओरडला, "मीच आनला आनि मीच घालवला! झाला? आता बसा गप!"

खरंच गप्प बसले सगळे. वैतागून बोललेलं वाक्य ते. पण मुंबईला पोचेपर्यंत त्याचं पुढचं-मागचं गळून पडलं होतं आणि एवढंच उरलं होतं… 'मीच घालवला.' दोन दिवसांत ग्रुपवर लोक लिहू लागले, बघा, स्वतःच कबूल केलं. ज्याने आणलं त्यालाच घालवायची वाट ठाऊक असणार. कुणी म्हणालं, खालच्या गावाकडून काहीतरी घेतलं असेल. दोन्ही वाड्यांना ते सोयीचं होतं. आता एकमेकांकडे बोट दाखवायची गरजच उरली नाही.

मी तडक गावी गेले. दादा ओटीवर बसला होता. एकटा. मी म्हटलं, "दादा, हे काय चाललंय? मी लिहिते ग्रुपवर. सगळं खरं लिहिते."

"नको गो सुमे."

"का नको? तू काय केलंस?"

"काय नाय केला. पन मी नाय म्हटला, की परत 'मग कोन?' सुरू व्हईल. काल रघू आनि वरच्या वाडीची मानसा एकत्र बसून पालखीचा ठरवत व्हती. मी हिथून बघितला."

"आणि तुझं काय?"

"माझा काय… चार दिवस बोलतील. इसरतील."

पालखी त्या वर्षी दोन्ही वाड्यांत गेली. दादाच्या दारातही आली. देवीला कुणी कसं अडवणार? शिमगा झाल्यावर मी फोन करून विचारलं, तेव्हा म्हणाला, "आली गो. नारळ ठेवला." मग जरा थांबून म्हणाला, "नाचवली नाय आपल्या अंगनात. लगेच गेली." मी काहीतरी बोलले. तो हूं हूं करत राहिला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की दादा इतका कमी कधी बोलला नव्हता.

चार दिवसांनी लोक विसरले नाहीत. ग्रामपंचायतीची निवडणूक आली. दोन्ही गटांनी आपापल्या सभेत पोस्टाचा विषय काढला आणि दोघांनीही दादाचं नाव घेतलं. ओटीवर येणारी माणसं आधी कमी झाली, मग थांबली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. वाटेत भेटले तर रामराम करायचे, पण पाय चालतेच ठेवायचे. शेजारची वहिनी भाकरी-कालवण देऊन जायची, तीही मागच्या दाराने.

मग दादा महाडला येऊ लागला. चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून, छत्रीची तार निघाली म्हणून. पोलादपुरात होण्यासारखी कामं महाडपर्यंत घेऊन यायचा. माझ्याकडे जेवायचा आणि दुपारच्या गाडीच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन बसायचा. ह्यांनी एकदा पाहिलं, तो वरंधच्या गाडीला थांबलेल्या कुणा अनोळखी माणसाला भाताचं विचारत होता. पेरा कसा झाला, पाऊस कसा आहे… त्या माणसाची गाडी लागली, तो गेला. दादा सरकून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला, तिथे एक बाई होती. ह्यांनी मला हे घरी येऊन सांगितलं. मी त्याला म्हणायचे, राहा इथेच आमच्याजवळ. तो म्हणायचा, "आनि दारात कोन आला म्हंजे?"

तो गेला तोही तिथेच, ओटीवर, चहा पिऊन झाल्यावर. शेजारच्या वहिनीने पाहिलं.

तेराव्याला मात्र दोन्ही वाड्या लोटल्या. फाट्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक लागला होता. मध्ये दादाचा फोटो, आणि खाली दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांचे, शेजारी शेजारी. दोघेही बोलले. मेंबरांनी गावाला पोस्ट आणून दिलं, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत, असं दोघांनीही सांगितलं. ते कुणी घालवलं, याचा उल्लेख त्या दिवशी कुणीच केला नाही. सतीश माझ्याकडे बघत होता. मी खाली बघत होते.

पंगती उठल्या, माणसं पांगली. मी भांडी मोजून शेजारी परत देत होते, तेव्हा रघूदादा आला. काठी टेकत आला. ओटीच्या कडेला उभा राहिला, बसला नाही.

"सुमे," म्हणाला, "मी त्याच्या बाजूलाच व्हतो त्या दिवशी सभेत. त्यानं काय केला नव्हता, मला ठावं व्हता. समद्यांनाच ठावं व्हता."

मला रडू आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "खरं सांगायचं नव्हतं तर नसतं सांगितलं, रघूदादा. येऊन बसायचं तरी होतं."

त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "आलो आसतो गो. रोज वाटायचा. पन हिथं पाय ठेवला, की म्हनले आसते, दोघांनी मिळून घालवला…" त्याचं वाक्य तिथेच राहिलं. मीही ते पुरं करायला मदत केली नाही. तो ओढ्याकडे उतरून गेला.

सतीश घराला कुलूप लावून मुंबईला गेला. मी महाडला आले. कुलूप आतल्या दाराला आहे, ओटी उघडीच असते.

मागच्या आठवड्यात दुपारी मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून आधी नुसता वारा आणि कुठल्यातरी पाखराचा आवाज. मग रघूदादा. नातवाच्या फोनवरून लावला होता.

"सुमे, पाला साठला व्हता ओटीवर. झाडून घेतला."

"बरं केलंत."

"कोन नाय हिथं."

"नसणारच, रघूदादा."

पाखरू ओरडत होतं. फोन तुटला असं वाटून मी कानावरून काढणार होते, तेवढ्यात त्याचा आवाज आला, अगदी लहान, परवानगी मागितल्यासारखा…

"थोडा येळ बसू काय गो?"

"बसा," मी म्हटलं. "बसा, रघूदादा."