एकशे एकतीस आणि अर्धं

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या इनिसफेल गावच्या रग्बी क्लबाच्या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी खेळाडूंच्या कार्डांची अदलाबदल चालते. दाराजवळचं पहिलं टेबल नोएला झमितचं. तिच्या टेबलावर कार्डं नसतात, कार्डं जपायच्या वस्तू असतात. पातळ पाकिटं, त्यांवर चढवायची कडक पारदर्शक कव्हरं, नऊ खणांची पानं, जाड पाठीचे अल्बम. शिवाय ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. आमच्याकडे भिंतींनाही घाम फुटतो. उघडं पडलेलं कार्ड आठवड्याभरात पापडासारखं वळतं. टेबलावर एक पाटी आहे: ‘सॉसेज खाल्लं असेल तर आधी हात धुऊन या.’

नोएला सत्तरी ओलांडलेली. शाळेच्या कँटीनमध्ये चौतीस वर्षं तिनं मुलांना जेवू घातलं. त्याआधी, विशीत, ती बापाच्या कोपऱ्यावरच्या दुकानात उभी राहायची. तेव्हा च्युइंगगमच्या पाकिटातून कार्डं निघायची. पोरं काउंटरवरच पाकिटं फोडायची. चुरगळलेली, नको असलेली कार्डं तिथेच टाकून जायची. ती सपाट करून ठेवता ठेवता नोएलाला नाद लागला.

चौऱ्याहत्तर सालच्या त्या संचात एकशे बत्तीस कार्डं. एकशे एकतीस खेळाडू, आणि शेवटचं म्हणजे सगळ्यांच्या नावांची यादी, प्रत्येक नावापुढे रिकामा चौकोन. कार्ड मिळालं की चौकोनात खूण करायची. प्रत्येक पोरानं ती केलीच. म्हणून आज मोठमोठे खेळाडू मिळतात, पण कोरी यादी मिळत नाही.

“माझ्याच दुकानात खुणा करायचे मेले,” नोएला सांगते, “आणि पेन्सिल कोण द्यायचं? मी!”

आमच्या क्लबाचा नियम कडक आहे. खूण केलेली यादी अर्धी धरायची. म्हणून नोएलाचा संच वर्षानुवर्षं एकशे एकतीस आणि अर्ध्यावर अडला होता. नियमाचा रखवालदार डेस पुकॅलस. कारखान्याला ऊस नेणारी आगगाडी चालवून निवृत्त झालेला, नोएलाचा जुना मित्र आणि त्याहून जुना वैरी.

ऑगस्टमधल्या शनिवारी हाच डेस काखेत एक अल्बम मारून आला. पालिकेच्या भंगार दुकानात मिळालेला, जुन्या मऊ प्लास्टिकच्या पानांचा.

“म्हातारे, बस आधी. उभ्यानं बघशील तर पडशील.”

तिनं पान उलटलं. शेवटच्या खणात यादी होती, आणि सगळे चौकोन कोरे. पण घामेजलेलं प्लास्टिक छपाईला घट्ट चिकटलेलं. डेसनं नखानं कोपरा उचलायला घेतला.

“बोट लावलंस तर बोट राहणार नाही!” नोएला कडाडली. मग माझ्याकडे वळली. त्या दिवशी क्लबाचं कँटीन माझ्याकडे होतं. “पोरी, तुझ्या फ्रीझरमध्ये जागा कर.”

गारठ्यानं प्लास्टिक कडक होतं आणि सोडून देतं, हे तिला ठाऊक होतं. पण कधी सोडताना शाईही घेऊन जातं, हेही ठाऊक होतं. मी कोळंबीची पिशवी बाजूला सारली. नोएलानं ते पान पिशवीत बंद करून, त्यात दाण्यांची पुडी टाकून, खिमा भरलेल्या मीट पायच्या खोक्यांवर आडवं ठेवलं. तासभर तिनं एकही पाकीट विकलं नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, “घे तुझं तू, डोकं खाऊ नकोस.”

तास झाला. सगळा हॉल टेबलाभोवती. नोएलानं कार्ड टेबलाशी दाबून धरलं आणि प्लास्टिक मागे दुमडत दुमडत, केसाएवढं केसाएवढं सोलत नेलं. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. प्लास्टिक सुटलं. शाई जागेवर होती, चौकोन कोरे होते.

असा कल्ला झाला की बाहेर चुलीवर सॉसेज भाजणारा स्वयंपाकीही चिमटा घेऊन आत धावला. नोएलानं आपली संचाच्या नोंदींची वही उघडली. तिथे एकशे बत्तीसच्या ओळीपुढे खूण करायची राहिली होती. आकडा पडताळायला तिनं कार्ड वहीशेजारी ठेवलं, पेन उचललं आणि डोळे पुसत पुसत ठसठशीत खूण केली.

कार्डावर.

नोएला त्या निळ्या खुणेकडे बघत राहिली.

डेसनं घसा खाकरला. “मी काय म्हणतो, नियम पोरांच्या खुणांसाठी आहे. मालकानं स्वतः केली असेल तर...”

“गप रे! आयुष्यभर मला अर्ध्यावर ठेवलंस, आता दया आली होय? एकशे एकतीस आणि अर्धं. लिही.” तिचे खांदे हलू लागले. ती रडतेय असं वाटून मी जवळ गेले, तर बाई हसत होती. पोट धरून, आवाज न करता. “पन्नास वर्षं मी त्या पोरांना शिव्या घातल्या गं! कोरा चौकोन समोर आल्यावर हात आवरतोच कुठे?”

तिनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

“आणि एकाला खूण झालीच आहे, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? डेस, वाच. एक नंबरपासून.”

डेसनं चष्मा चढवला आणि गाडी सुटल्याच्या आवाजात पहिलं नाव पुकारलं. तिनं खूण केली. दुसरं नाव कोपऱ्यातून कुणी तरी आधीच ओरडलं, तिसरं चौघांनी मिळून. विसाव्यापाशी भांडण लागलं, तो मागच्या फळीत खेळायचा की पुढच्या. ते मिटेपर्यंत नोएला पेन वर धरून थांबली, आणि त्या गडबडीत तिच्या टेबलावरून कोण काय उचलून नेत होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.