चिंगीच्या पेटीतलं झाड

परवा करडीला, म्हणजे आमच्या गावी, आमच्याच घरात, माझा जीव टांगणीला लागला होता... आणि कारण काय, तर एक रोपटं.

माझ्याकडे चिंगी आहे. तळहाताएवढी, केसाळ टॅरँट्युला कोळीण. नागपूरच्या मित्राने दिली, काचेच्या पेटीत राहते. ती आल्यापासून आईने माझ्या खोलीचा उंबरठा ओलांडलेला नाही.

पेटीत जिवंत झाड लावायचं ठरवलं. निवडुंग बाद, काटे टोचतील. मनी प्लांट चाललं असतं, पण "त्या कोळणीसाठी" कटिंग द्यायला आईने साफ नकार दिला. नर्सरीतल्या रोपांवर औषध मारलेलं असतं, म्हणून तिकडे फिरकलोच नाही.

सकाळी आमच्याच धानाच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक फर्न उपटून आणलं, पेटीत लावलं आणि मोहाडीच्या बाजाराला गेलो. एकदम नैसर्गिक माल मिळाला म्हणून स्वतःवरच खूश...

दुपारी परतलो तर बाबा अंगणात फवारणीचा पंप धूत होते. सकाळी माझ्या हातात दिसलेलं झाड कुठून आणलं, असं त्यांनी सहज विचारलं. मी सांगितलं.

"त्या धानाच्या बांधीत त कालच किडीची दवाई मारली मी," बाबा म्हणाले. "वारा धुऱ्याकडंच होता."

पिशवी तिथेच टाकून आत धावलो. किडे मारणारं औषध कोळ्याला थोडंच सोडणार... शेतकऱ्याच्या घरात जन्मून मला एवढी साधी अक्कल नसावी!

पेटीत फर्न नव्हतंच. वरची माती काढून टाकलेली, तिथे मनी प्लांटची फांदी खोचलेली. झाकणावर स्वयंपाकघरातला चिमटा. आणि चिंगी कोपऱ्यात, पाय आखडून. कोळी मरतो तेव्हा असेच पाय आखडतो.

ब्रशने हळूच स्पर्श केला. काही नाही. पुन्हा केला... काही नाही. मग एकदम तिने पुढचे पाय उचलून ब्रशवर असा राग काढला की ब्रश माझ्या हातून सुटला.

मागे वळलो तर आई दारात उभी, उंबरठ्याच्या बाहेर. जेवताना बाबा फवारणीचं बोलले तेव्हाच तिला मी सकाळी धुऱ्यावरून आणलेलं झाड आठवलं होतं.

"मले अजूनही भेव लागते तिचं," ती म्हणाली. "पण आपल्या घरात इखानं कायले मरावं तिनं?"

पेटीत चिमटा घालायला तिने किती धीर गोळा केला असेल, ते ती सांगणार नाही.

काल तिला नवा चिमटा आणून दिला. जुना पेटीजवळच राहू दे म्हणाली... लागेल कधी.